ताम्रपट, धूळपाटी आणि नाममुद्रा

साहित्याच्या अभ्यासकांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या इतिहासाकडे वळावे, असे आम्ही म्हणतो तेव्हा ते अनेकांना अवांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु या इतिहासाच्या मध्यभागी जे प्रश्न उभे आहेत ते आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत : लेखन कशाला म्हणावे, ते कशावर केले जाते, आणि लिहिणाऱ्याचे नाव शेवटी कोठे राहते.

प्रथम मूळ मांडणी पाहू. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : बाहेरून संकेत घेणारा, त्या संकेतावर संस्कार करणारा आणि परिणाम बाहेर पोचविणारा. गणकयंत्राची कळ, आतले मंडल आणि उमटणारा आकडा हे याचे सोपे उदाहरण. मधल्या भागाचा सगळा व्यवहार दोनच अवस्थांवर चालतो : प्रवाह आहे किंवा नाही. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली तर्कातील विधानांना बीजगणिताचे रूप दिले. क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली आपल्या प्रबंधात हेच बीजगणित विजेच्या स्विचांच्या जोडणीला लागू पडते असे दाखविले. 'आणि', 'किंवा', 'नाही' हे भाषेतले साधे शब्द अशा रीतीने तारेत उतरले.

तरीही सुरुवातीच्या यंत्रांत हे शब्द लिहिले जात नव्हते, जोडले जात होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांपुढे आलेले एनिॲक हे यंत्र घ्या. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. त्याला नवे गणित सांगायचे म्हणजे वायरी एका जागेवरून उपटून दुसरीकडे खोचायच्या आणि स्विच फिरवायचे. त्यात कित्येक दिवस जात. हे काम सहा स्त्रिया करीत : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्राच्या पहिल्या जाहीर प्रयोगासाठी तोफगोळ्याच्या मार्गाचे जे गणित दाखविले गेले, त्याची मांडणी जेनिंग्ज आणि स्नायडर यांची होती. गौरव मात्र यंत्र बांधणाऱ्यांचा झाला. या सहाजणींच्या कामाची जाहीर दखल घेतली जाण्यास पुढे कित्येक दशके लागली.

दरम्यान एक मूलगामी कल्पना पुढे आली. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालात ती मांडलेली आहे : ज्या स्मृतीत आकडे ठेवायचे, तिच्यातच आज्ञाही आकड्यांच्या रूपाने ठेवाव्यात. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर येथील एका छोट्या यंत्राने स्मृतीतील अशी आज्ञावली प्रथम चालवून दाखविली. काम बदलायचे तर आता यंत्राची जोडणी बदलण्याचे कारण उरले नाही. मजकूर बदलला की पुरे. यंत्र प्रथमच वाचक झाले.

या वाचकाला नखाएवढ्या तुकड्यात बसविण्याचे काम १९६९ साली सुरू झाले. बिझिकॉम या जपानी कंपनीला आपल्या गणकयंत्रांसाठी खास घडविलेल्या अनेक चिप हव्या होत्या. त्या तिने इंटेलकडे मागितल्या. इंटेलचे टेड हॉफ यांनी वेगळी वाट सुचविली : प्रत्येक कामासाठी वेगळे मंडल घडविण्याऐवजी एकच सर्वसाधारण प्रक्रियक करावा आणि गणकयंत्राचे गणकपण आज्ञावलीत लिहावे. स्टॅन्ली मेझर आणि बिझिकॉमचे मासातोशी शिमा यांनी ही कल्पना पुढे नेली. फेदेरिको फॅजिन यांनी १९७० मध्ये येऊन ती सिलिकॉनमध्ये प्रत्यक्षात आणली. नोव्हेंबर १९७१ मध्ये ४००४ ही चिप बाजारात आली. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ती एका वेळी चार बिट हाताळी. चार बिटांतून सोळा खुणा होतात. शून्य ते नऊ लिहायला दहा पुरतात. गणकयंत्राची गरज तेवढीच होती.

या चिपच्या सोबत्यांकडे पाहिले म्हणजे आपल्याला आपली जुनी लेखनसाधने आठवतात. ४००१ या चिपमधील मजकूर कारखान्यातच कोरला जाई. तो पुढे बदलता येत नसे. हा ताम्रपट. ४००२ मधील मजकूर क्षणोक्षणी बदले आणि वीज गेली की नाहीसा होई. ही धूळपाटी. त्याच वर्षी इंटेलचेच डॉव्ह फ्रोमन यांनी तिसरा प्रकार सिद्ध केला. त्यातील मजकूर वीज गेली तरी टिके, पण चिपवरील काचेच्या खिडकीतून अतिनील किरण पाडले की पुसला जाई आणि नवा लिहिता येई. जुना मजकूर खरवडून पुन्हा वापरलेल्या युरोपीय चर्मपत्रांशी याचे नाते सहज जुळते. 'प्रोग्रामेबल' या विशेषणाचा अर्थ आम्ही असा लावतो : ज्याचा अर्थ घडविणाऱ्याने पुरा करून ठेवलेला नाही, अशी वस्तू.

मग या वस्तूचा कर्ता कोण? कल्पना सुचविणारा, आराखडा करणारा, की आज्ञावली लिहिणारा? फॅजिन यांनी ४००४ च्या आराखड्यात एका कडेला आपल्या नावाची दोन आद्याक्षरे कोरून ठेवली आहेत. सूक्ष्मदर्शकाखेरीज न दिसणारी ही अक्षरे आम्हांला अभंगाच्या अखेरीस येणाऱ्या नाममुद्रेची आठवण करून देतात. संतकवींनी आपली नावे रचनेच्या अंगात गुंफली. मजकूर एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना कर्ता गळून पडतो, हे त्यांनी पाहिले असावे. १९९७ चा क्योतो पुरस्कार फॅजिन, हॉफ, मेझर आणि शिमा या चौघांना एकत्र मिळाला, ही समाधानाची गोष्ट. त्याच वर्षी एनिॲकच्या सहाजणींचाही एका अमेरिकी संस्थेच्या मानपटात समावेश झाला. पहिल्या प्रयोगाला तेव्हा एक्कावन्न वर्षे उलटली होती.

वायरींच्या जोडणीत नाममुद्रा कोरायला जागा नव्हती. गणित पार पडले की वायरी उपसल्या जात आणि लेखन संपे. मौखिक परंपरेतील ओव्या रचणाऱ्या असंख्य स्त्रियांबाबत आपण जो प्रश्न विचारतो, तोच येथेही विचारावा लागतो. यंत्राचा इतिहास वस्तूंवरून लिहिला की वस्तू घडविणारेच दिसतात. तो मजकुरावरून लिहिला तर लिहिणाऱ्याही दिसू लागतील. मजकुरामागचा हात शोधण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. ती येथेही उपयोगी पडावी.