आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), मुलांमधील व किशोरवयातील

पोट वारंवार दुखणे आणि त्यासोबत शौचाच्या सवयी बदलणे, असे स्वरूप असलेला आतड्यांच्या कार्याचा विकार. आतड्यांना सूज, जखम वा गाठ नसते. बिघडलेले असते ते आतडे व मेंदू यांच्यातील संदेशवहन. वायूने आतडे जरासे ताणले गेले, तरी अशा मुलाला ती कळ वाटते. जुलाब-उलट्यांचा आजार बरा झाल्यावर काहींना हा त्रास जडतो. चिंता, अपुरी झोप, परीक्षा यांनी तो बळावतो. ‘शाळा बुडवायची नाटकं’ हे घरातले निदान मात्र अन्यायाचे. तपासण्या निर्दोष आल्या तरी दुखणे खरेच असते.

ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी नोरा नेश यांच्यासह १९५८ साली १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे दहांतील एकाला वारंवार पोटदुखी होती. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी शारीरिक रोगाची शक्यता अधिक, हा ॲप्लींचा आडाखा डॉक्टर अजून वापरतात. वारंवार पोटदुखीच्या त्या मोठ्या गटातून आयबीएस पुढे वेगळा काढला गेला. २०१६ च्या ‘रोम-४’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार निदानासाठी महिन्यातून किमान चार दिवस, असे किमान दोन महिने पोट दुखलेले असावे आणि दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मळाच्या स्वरूपातील बदलाशी असावा. बद्धकोष्ठ सुटताच दुखणेही थांबले, तर तो आयबीएस नव्हे.

वजन घटणे, उंची खुंटणे, शौचातून रक्त, ताप, सततच्या उलट्या, झोपेतून उठवणारी कळ किंवा घरात सीलिअॅक वा आतड्याच्या दाहाचा रोग असेल, तर तपासण्या हव्यातच. भारतात आतड्यांचा क्षयही लक्षात घ्यावा लागतो. यातले काही नसताना सोनोग्राफीवर सोनोग्राफी करत राहिल्याने मुलाची भीती तेवढी वाढते.

आजार समजावून सांगणे आणि शाळा चालू ठेवणे हा उपचाराचा पाया. शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसल्याने मुले दिवसभर शौच रोखतात, हेही विचारायला हवे. वर्तनोपचार उपयोगी पडतात. नेदरलँड्समधील २००७ च्या एका चाचणीत संमोहनोपचार घेतलेल्यांपैकी ८५ टक्के मुले वर्षभरानंतर बरी होती, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २५ टक्के. गहू, कांदा, लसूण, कडधान्ये, दूध वगळणारा ‘लो-फॉडमॅप’ (आतड्यात आंबणारी कर्बोदके कमी असलेला) आहार वाढत्या मुलांना आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरताच द्यावा. पोळी, उसळ आणि फोडणीतला कांदा-लसूण गेल्यावर मराठी ताटात फारसे उरत नाही.