युक यंग-सू : एक १५ ऑगस्ट

पंधरा ऑगस्ट हा कोरियाचाही मुक्तिदिन. इतकी वर्षे इतिहास शिकवला, पण हे मला निवृत्तीनंतर कळले! १९७४ साली त्या दिवशी सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहात अध्यक्ष पार्क चुंग-ही भाषण करत होते. मारेकऱ्याने त्यांच्यावर झाडलेली गोळी मंचावर बसलेल्या पत्नीला, युक यंग-सू यांना लागली. वडिलांचा विरोध असतानाही १९५० मध्ये त्यांनी पार्क यांच्याशी लग्न केले होते. त्यांना उचलून बाहेर नेले आणि पार्क यांनी उरलेले भाषण पूर्ण केले. संध्याकाळी त्या गेल्या, वय ४८. याला कोणी धीर म्हणेल. मला ते पचत नाही. त्या गोळीबारात गायनपथकातली एक शाळकरी मुलगीही गेली. (मास्तरकी केलेला माणूस तिथेच अडकतो.) फ्रान्समध्ये शिकणारी बावीस वर्षांची थोरली लेक परतली आणि १९७९ पर्यंत आईच्या जागी समारंभांना उभी राहिली.