शेततळे खोदताना पोकलेनवर फॉल्ट कोड आला तर : आधी कोड वाचा, मग पार्ट बदला

मढ, करंजाळे, खिरेश्वर या माळशेज घाटालगतच्या पट्ट्यात शेततळे, भातखाचरांचे बांध आणि सपाटीकरण ही कामे उन्हाळ्यातच उरकावी लागतात. जूनमध्ये पाऊस लागला की यंत्र शेतात उतरत नाही आणि अर्धवट खोदलेल्या तळ्याच्या बाजू ढासळतात. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात १:१ उतार धरला, तर सुमारे २,२०० घनमीटर माती-मुरूम काढायचा असतो. अशा वेळी केबिनमधला पिवळा दिवा लागतो आणि यंत्र ताकद सोडते. ऑपरेटर म्हणतो, ‘सेन्सर गेला’. पार्ट शहरातून येईपर्यंत दोन दिवस जातात, आणि बऱ्याचदा तो बसवूनही दिवा तसाच राहतो. यंत्र तुमचे नसले तरी वेळ आणि तळे तुमचे आहे, म्हणून कोडचा अर्थ तुम्हालाही माहीत असावा.

कोडमध्ये दोन आकडे असतात

इंजिनवरचे सेन्सर दाब, तापमान, फेरे यांची माहिती ईसीएम या नियंत्रकाला तारांतून पाठवतात. मिळालेला आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीएम कोड नोंदवतो. जे१९३९ या प्रचलित मानकानुसार कोडचे दोन भाग असतात. पहिला, एसपीएन, बिघाड कशाशी संबंधित आहे ते सांगतो. दुसरा, एफएमआय, बिघाड कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतो. लोक पहिला आकडा वाचून पार्ट मागवतात. खरी माहिती दुसऱ्यात असते.

- एफएमआय ० : मोजलेली गोष्ट धोकादायक जास्त.
- एफएमआय १ : धोकादायक कमी.
- एफएमआय २ : येणारी माहिती अस्थिर, विसंगत.
- एफएमआय ३ आणि ४ : सिग्नलचा व्होल्टेज जास्त किंवा कमी. आधी तार, कनेक्टर, अर्थिंग पाहावे.
- एफएमआय ५ : विद्युतप्रवाह कमी. तार तुटलेली असू शकते.

म्हणजे १००-१ आला तर इंजिन ऑइलचा दाब खरोखर पडला असे धरून यंत्र ताबडतोब बंद करावे. यंत्र सपाट जागी नसेल तर डिपस्टिकचे रीडिंग चुकते, हे लक्षात ठेवा. तोच कोड १००-४ असेल, तर ऑइल आणि दाब ठीक असून फक्त तारेत दोष असण्याची शक्यता मोठी. तरीही डिपस्टिक पाहिल्याशिवाय यंत्र चालवू नये.

काही कंपन्या पडद्यावर स्वतःचे वेगळे कोड दाखवतात. त्यासाठी त्या मॉडेलची पुस्तिकाच लागते. ऑपरेटरकडे ती नसेल तर मालकाकडून काम सुरू होण्याआधीच मागून घ्यावी.

आपल्या भागात काय तपासावे

९७ हा डिझेलमधील पाण्याचा कोड. आडबाजूच्या शेतात डिझेल कॅनमधून किंवा बॅरलमधून येते. बॅरल उघड्यावर असेल तर तळाशी पाणी साचते. ९७ सोबत ०, १५ किंवा १६ असेल तर वॉटर सेपरेटरचा खालचा नळ उघडून पाणी काढावे आणि बॅरलच्या तळाचे डिझेल वापरू नये. ९७ सोबत ३ किंवा ४ असेल तर पाणी काढत बसू नका, त्या सेन्सरची वायर पाहा.

११०-० म्हणजे कूलंट तापले. मे महिन्यातल्या धुळीत रेडिएटरच्या जाळीवर मातीचा थर बसतो. कूलंट गळत नसेल तर इंजिन काही मिनिटे हळू चालवून मग बंद करावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. थंड झाल्यावर पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने हवा मारून जाळी साफ करावी. १०७ हा एअर फिल्टर चोंदल्याचा कोड. मुरमात काम असेल तर फिल्टर रोज पाहावा.

पार्ट मागवण्याआधी

सुरुवात बॅटरीपासून करावी. चेनच्या मोठ्या पोकलेनवर बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. टर्मिनल सैल असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम येतात. असे झाले तर कोणताही सेन्सर बदलू नये.

नंतर वायरिंग. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्रात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मी स्वतः पाहिल्या आहेत. एका तळ्याच्या कामात कूलंट सेन्सर दोनदा बदलला, तरी ११०-४ जाईना. शेवटी ब्रॅकेटला घासून सोललेली वायर सापडली, आणि इन्सुलेशन टेपवर काम भागले. या दोन तारांच्या सेन्सरचा प्लग काढून चावी फिरवा. कोड ४ चा ३ झाला तर सेन्सर खराब. ४ च राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे.

बकेटच्या दातांचे वेल्डिंग शेतातच होते, त्यात ईसीएम जळण्याचा धोका असतो. वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढावी, पुस्तिकेत सांगितले असेल तर ईसीएमचे प्लगही. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा.

कोड पुसण्याविषयी

कोड पुसून काम चालू ठेवणे हा उपाय नाही. सक्रिय कोड आणि जुना नोंदलेला कोड वेगळे असतात. जुना पुसला तर मेकॅनिकला माग मिळत नाही. सेन्सरची वायर जोडून ‘बायपास’ करू देऊ नका. ऑइलच्या दाबाच्या बाबतीत हे इंजिन गमावण्यासारखे आहे.

दिवा लागताच पडद्याचा आणि तासमीटरचा फोटो घ्या. सोबत वेळ, त्या क्षणी चाललेले काम आणि यंत्र गरम होते की थंड, हे लिहून ठेवा. भाडे तासावर ठरले असेल, तर बिघाडाचे तास धरायचे की नाही हे यंत्र शेतात येण्याआधी मालकाशी बोलून कागदावर घ्यावे.