गैरहजर मुलाच्या शोधार्थ

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मंदिराची कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आली, वेदीची दुरुस्ती केव्हां झाली, याची चौकशी होते, व ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु मंदिराच्या कुशींत बहुधा एक शाळाही असते, आणि तिच्या कपाटांत जुने हजेरीपट पडलेले असतात. त्यांतील एकेका नांवापुढें ओळीनें दिसणाऱ्या गैरहजेरीच्या खुणा हा आमच्या मतें कोनशिलेइतकाच वाचण्याजोगा लेख होय. हें मूल कां आलें नाहीं, आणि तें यावें म्हणून कोणीं काय केलें, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासांत फार उशिरां विचारला गेला. ज्यांनीं तो मनावर घेतला व त्याच्या उत्तरासाठीं सबंध व्यवस्था उभी केली, त्यांत संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांचें नांव अग्रभागीं येतें. शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून हे संत आपल्या वाचकांस ठाऊक आहेत. त्यांच्या शाळांचें अंतरंग मात्र तितकें ठाऊक नाहीं, म्हणून त्याचेंच कांहींसें सविस्तर वर्णन करण्याचें आम्ही योजिलें आहे.

गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढणारे ते पहिलेच नव्हत. संत जोसेफ कालासांझ यांनीं 1597 सालीं रोम शहराच्या त्रास्तेव्हेरे भागांत अशी शाळा उघडली होती. त्याच सालच्या फेब्रुवारीच्या 5 तारखेस आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनीं जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर प्राण ठेविला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षीं घडाव्या हा योगायोग खरा, पण आम्हांस तो नेहमीं आठवतो. असो.

ला साल यांचा जन्म फ्रान्स देशांतील रँस या नगरांत 30 एप्रिल 1651 रोजीं एका संपन्न घराण्यांत झाला. वयाचीं सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्यांस तेथील कॅथीड्रलमध्यें कॅननची मानाची व उत्पन्नाची जागा मिळाली. 1678 सालीं गुरुदीक्षा झाली. पुढील वर्षीं आद्रियाँ न्येल नांवाचे एक गृहस्थ रुआँहून गरीब मुलांच्या शाळा काढण्याच्या खटपटीनें रँसला आले, आणि ला साल त्यांच्या साहाय्यास गेले. एवढेंच करून मोकळें व्हावें असा त्यांचा प्रथम हेतु होता. परंतु शाळेचे मास्तर अर्धशिक्षित, राहणीनें ओबडधोबड, आणि उद्यांच्या अन्नाची ज्यांस शाश्वती नाहीं असे. त्यांस आधीं स्वतःच्या पंगतीस बसविलें, नंतर 1681 सालीं आपल्या घरींच आणून ठेविलें. यामुळें नातलग रुष्ट झाले. ला साल यांनीं त्या मास्तरांस ईश्वरावर भरंवसा ठेवण्याचा उपदेश केला, तेव्हां त्यांनीं उलट सुनावलें कीं, आपल्यापाशीं वतन आहे व उत्पन्न आहे, आपणांस असें बोलणें सोपें. शाळा मोडल्या तर रस्त्यावर आम्ही येऊं. हें उत्तर त्यांच्या जिव्हारीं लागलें. 1683 सालीं त्यांनीं कॅननची जागा सोडली, आणि त्यानंतरच्या हिंवाळ्यांत दुष्काळ पडला असतां आपली संपत्ति भुकेल्यांच्या अन्नासाठीं वाटून टाकली. ती शाळांच्या निधींत कां घातली नाहीं, असें एखादा व्यवहारी मनुष्य विचारील. पण ज्यांचीं मुलें शाळेंत आणावयाचीं तींच माणसें त्या वेळीं दारोदार भाकरी मागत होतीं.

त्या काळीं मुलांस वाचन शिकवीत तें प्रथम लॅटिन भाषेंतून. जें मूल सहा-सात वर्षें शाळेंत राहणार त्याचें त्यांत फारसें बिघडत नसे. परंतु विणकराचें वा हमालाचें मूल वर्ष-दोन वर्षें आलें तर आलें. मग बाप त्याला कामावर लावी. अशा मुलास दोन वर्षांच्या श्रमानंतर धड लॅटिनही येत नसे आणि मातृभाषेंतील चार ओळीही वाचतां येत नसत. ला साल यांनीं हा क्रम उलटा केला. आधीं फ्रेंच, आणि तें पक्कें झाल्यावर लॅटिन. यांत त्यांनीं गैरहजेरीचें एक मूळच उपटलें, असें आम्हांस वाटतें. कारण शाळेंतून कांहीं मिळत नाहीं अशी ज्या बापाची खात्री झाली तो मुलास पाठवीत नाहीं, आणि त्याला दोषही देववत नाहीं.

पुढें 1706 च्या सुमारास त्यांनीं आपल्या अनुभवी ब्रदरांच्या विचारानें ख्रिस्ती शाळांच्या संचालनाविषयीं एक ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या हस्तलिखित प्रती ब्रदरांत फिरत होत्या. छापून निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1720 सालीं आव्हिन्यों येथें. या ग्रंथांत गैरहजेरीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मूल कां येत नाहीं याचीं कारणें तेथें एकामागून एक तपासलीं आहेत. कांहीं मुलें स्वभावतः चंचल; कांहींस वाईट संगत लागलेली. कांहींचे आईबाप बेपर्वा, तर कांहींचे इतके गरीब कीं मुलाची मजुरी सोडणें त्यांस परवडत नाहीं. येथवर तें आजही कोणी लिहील. परंतु यापुढें जाऊन ग्रंथकार शिक्षकाकडे वळतो: मुलाला शाळेची गोडी उरली नसेल, मास्तरांविषयीं प्रेम वाटत नसेल, तर त्याचा दोष मास्तरांकडेही असूं शकेल, त्यांनीं आपली कठोरता आवरावी व मुलांचीं मनें जिंकावीं. आपल्याच ब्रदरांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत हें लिहावयास धैर्य लागतें. शाळेचे चालक दोष बहुधा पालकांच्या पदरीं टाकून मोकळे होतात.

उपायांची योजनाही तशीच बारकाईची आहे. मूल दाखल होतांना त्याचें नांव व वय, राहण्याची गल्ली, बापाचा धंदा, पूर्वीं कोठें शिकलें, हें सर्व वहींत उतरून घ्यावें. प्रत्येक वर्गांत दोन-तीन मुलांवर गैरहजर सोबत्यांचा समाचार घेण्याचें काम सोंपवावें. अशा प्रत्येक मुलाकडे ठरावीक गल्ल्या असत, व त्या गल्ल्यांतील विद्यार्थ्यांची यादी त्याच्यापाशीं असे. यादींतील कोणी आला नाहीं तर शाळा सुटल्यावर त्याच्या घरीं जावयाचें, कारण विचारावयाचें, आणि तें मास्तरांस येऊन सांगावयाचें. सोबती आजारी असेल तर त्याच्यापाशीं बसून त्याला धीर द्यावयाचा. आम्ही या योजनेवर मुद्दाम रेंगाळतों, कारण येथें दंड नाहीं, शिपाई नाहीं, समन्स नाहीं. दाराशीं येतो तो बांकावर शेजारीं बसणारा मुलगा.

शाळेंतच न्याहारी करण्याचीही पद्धत होती. मुलें घरून भाकरी आणीत, आणि ज्याच्यापाशीं अधिक असेल तो आपली उरलेली भाकरी एका टोपलींत टाकी. ती मास्तरांच्या देखत गरीब मुलांस वांटली जाई. शाळेंत जेवण दिल्यानें हजेरी वाढते हें तत्त्व आपल्याकडे मद्रासपासून सर्वत्र मान्य झालें तें विसाव्या शतकांत. ला साल यांच्या टोपलीस सरकारी अनुदान नव्हतें, आणि म्हणून ती सर्वांस पुरत असेल असें मानण्याचें कारण नाहीं.

या ग्रंथांतील एक उपाय मात्र आम्हांस रुचत नाहीं. जे गरीब पालक सांगूनही मुलांस पाठवीत नाहींत त्यांस धर्मगुरूंनीं व दानशूर लोकांनीं भिक्षा देऊं नये, अशी सूचना त्यांत आहे. हेतु चांगला असेल. पण शिक्षा बापाची आणि उपास मुलाचा, असा तो न्याय होतो. ज्या महात्म्यानें दुष्काळांत आपलें सर्वस्व वांटलें त्याच्या पुस्तकांत हें वाक्य वाचून मन क्षणभर थबकतें. त्या काळची हवाच तशी होती. 1698 सालीं चौदाव्या लुई राजानें मुलांस शाळेंत पाठविण्याविषयीं फर्मान काढलें, त्याचा रोख तर मुख्यतः प्रॉटेस्टंट घराण्यांतील मुलांवर होता. शाळेची सक्ति दयेपोटीं निघते तशी सत्तेपोटींही निघते, हें आपण कॅथॉलिकांनीं आपल्याही इतिहासांत पाहून ठेवावें.

हजेरीइतकीच मुलाच्या प्रगतीची काळजी. वर्षाअखेर एकदांच परीक्षा घेऊन पास-नापास करण्याऐवजीं दर महिन्यास तपासणी होई, व जो तयार झाला असेल त्याला वरच्या धड्यांत बसवीत. एकाच पायरीवर वर्षानुवर्षें कुजणें त्यामुळें टळे. याचें महत्त्व आपल्या देशांत कळलें तें हार्टोग समितीच्या 1929 सालच्या अहवालावरून: 1922-23 सालीं पहिलींत असलेल्या दर शंभर मुलांपैकीं 1925-26 सालीं चौथींत पोंचलीं तीं अवघीं 18. बाकीचीं मध्येंच गळलीं किंवा खालींच अडकून राहिलीं. समितीनें यास अपव्यय व स्थगिति अशीं दोन नांवें दिलीं.

आपल्या बाजूस या प्रश्नाची वाट निराळी झाली, कारण येथें ती संस्थानिकांनीं व कायद्यानें पाडली. सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं 1893 सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, व 1906 सालीं तो सर्व बडोदें राज्यास लागू केला. शिकलेलें मूल पुन्हां अक्षरशत्रु होऊं नये म्हणून 1910 सालीं अमेरिकेहून बॉर्डन नांवाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणून राज्यभर वाचनालयें पसरविलीं, ही दूरदृष्टि विशेष. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं 1911 सालीं मोठ्या कायदेमंडळांत विधेयक मांडलें. त्यांत मुलांच्या हजेरीसाठीं गांवोगांव समित्या असाव्या अशी तरतूद होती. 1912 च्या मार्चांत तें फेटाळलें गेलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. पण केवळ दंडावर ते विसंबले नाहींत. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं त्यांनीं वसतिगृहें उभीं केलीं, त्यांत हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेंही एक होतें. आणि 1919 सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांस एकत्र बसविलें. पुढें मुंबई इलाख्यांत 1918, 1923 व 1947 सालीं कायदे झाले, व जिल्हा स्कूल बोर्डांकडे शाळा आल्या. 1962 पासून महाराष्ट्रांत हें काम जिल्हा परिषदांकडे आहे.

मूल कोणाचें, राज्याचें कीं आईबापांचें, हा वाद या कायद्यांच्या निमित्तानें ख्रिस्तसभेंतही झाला. पोप अकरावे पायस यांनीं 31 डिसेंबर 1929 रोजीं काढलेल्या परिपत्रकांत आईबापांचा हक्क आधींचा ठरविला. तथापि प्रत्येक नागरिकास कांहीं किमान शिक्षण मिळेल अशी व्यवस्था राज्यानें करावी, हेंही मान्य केलें. घरच्या मोठ्या मुलीस धाकट्या भावंडांपाशीं बसविणारी आई, किंवा पानवेलीच्या व केळीच्या बागेंत हातास हात हवा म्हणून मुलास घरीं ठेवणारा बाप, यांस हा हक्काचा वाद सांगून कांहीं उपयोग नसे. त्यांच्या दाराशीं कोणी जावें लागे. आपल्याकडील जुन्या शाळांतून धर्मगुरु, सिस्टर व मास्तर तसे जात, आणि कित्येकदां रविवारीं मिस्सा सुटल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवरच पालकाला गांठीत.

ला साल यांस स्वतःच्या हयातींत फारसें स्वास्थ्य लाभलें नाहीं. 1704 सालीं पॅरिसच्या लेखनशिक्षकांनीं, मोफत शाळांमुळें आपले फी देणारे विद्यार्थी जातात म्हणून, त्यांच्यावर फिर्याद केली व ती जिंकली. 7 एप्रिल 1719 रोजीं, उत्तम शुक्रवारीं, रुआँ येथें त्यांचें देहावसान झालें. 1900 सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस संतपद दिलें, आणि 1950 सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. पण त्यांच्या यादीवहीचें वय याहून पुष्कळ अधिक आहे. जो विद्यार्थी ती हातांत घेऊन रँसच्या वा पॅरिसच्या गल्लींतून आपल्या गैरहजर सोबत्याचें घर विचारीत हिंडे, त्याचें नांव कोणत्याही इतिहासांत नाहीं.