आश्रित आणि अतिथी : धार-देवासपासून वळिवड्यापर्यंत

माळव्यातील धार व देवास ही मराठी राज्यसत्तेची दोन जुनी ठाणी. दोन्हीकडे पवारांची घराणी नांदली आणि दोन्हींच्या इतिहासात आश्रयाची एकेक कथा आहे. ह्या कथा आपण राजकारणाचा भाग म्हणून वाचतो आणि पुढे जातो. परंतु परक्याला दाराशी घेणे म्हणजे काय, ह्या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी त्या पुन्हा एकदा वाचाव्यात, असे मला वाटते.

पहिली कथा धारची. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर राघोबादादांविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. पळापळीच्या त्या दिवसांत दादांनी आपली गरोदर पत्नी आनंदीबाई हिला धारच्या किल्ल्यात ठेविले. तेथेच १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. धारचे खंडेराव पवार ह्यांनी दादांची बाजू घेतली, त्यामुळे त्यांच्या मुलुखावर जप्ती आली. आणि इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे, आई व तान्हे मूल प्रतिपक्षाच्या स्वाधीन केल्यावरच तो मुलूख त्यांना परत मिळाला.

दुसरी कथा देवासची. देवासच्या थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव पवार हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. राज्य कर्जात बुडाले, घरात कलह माजला, इंग्रज सरकारची अवकृपा झाली. तेव्हा १९३३ च्या अखेरीस ते देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. कालपर्यंत दुसऱ्यांना अन्न आणि आसरा देणारा राजा आज परक्याच्या हद्दीत आसरा मागतो, हे दृश्य माळव्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

ह्या दोन कथांमधून निघणारे तात्पर्य उघड आहे. जो आश्रय केवळ सत्तेच्या मर्जीवर उभा असतो, तो सत्तेच्या सोयीबरोबर संपतो. आश्रित हा तेथे माणूस नसतो, तो पटावरील सोंगटी असतो. मग सोंगटीचा माणूस केव्हा होतो? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी देवासहून कोल्हापूरला जावे लागते, आणि ती वाट इतिहासानेच आखून ठेविली आहे. तुकोजीरावांचे पुत्र विक्रमसिंहराव हे १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शहाजी छत्रपती झाले. ते गादीवर बसले तेव्हा राजधानीपासून जवळच, वळिवडे येथे, पोलिश निर्वासितांचे एक आख्खे गाव अद्याप वसलेले होते.

गाव कसे वसले

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून व सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळले. पोलंडचे पूर्वेकडील प्रांत, म्हणजे ल्वूफ, व्होलिनिया व त्यांच्या आसपासचा प्रदेश, आज बव्हंशी युक्रेन व बेलारूस ह्या देशांत मोडतो. १९४० व १९४१ ह्या दोन वर्षांत तेथील लक्षावधी लोकांना चार लाटांत रेल्वेच्या मालडब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान व रशियाच्या उत्तरेकडील अरण्यांत धाडण्यात आले. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर आक्रमण केले तेव्हा पारडे फिरले. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार व मॉस्को ह्यांच्यात करार झाला, बंदिवानांना मुक्ती मिळाली आणि जनरल अँडर्स ह्यांनी पोलिश सैन्य उभे केले. १९४२ साली ह्या सैन्याबरोबर हजारो स्त्रिया व मुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. उपासमार व विषमज्वर ह्यांनी वाटेत किती जणांचा घास घेतला!

इराणात सर्वांची सोय होणे शक्य नव्हते. काहींना पूर्व आफ्रिकेत, काहींना न्यूझीलंड व मेक्सिको येथे आणि काहींना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी बालाचडी येथे पोरक्या मुलांसाठी वसतिस्थान उघडले. त्या वसतिस्थानाचा कारभार फादर फ्रान्सिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू पाहत असत. मोठी छावणी मात्र १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, वळिवड्यास उभी राहिली. तेथे सुमारे ५,००० माणसे राहिली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, कारण घरातील पुरुष एक तर रणांगणावर होते, नाही तर बर्फाखाली पुरले गेले होते. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर तान्हे मूल होते व कारभार रीजन्सीकडे होता.

छावणी आणि गाव ह्यांतील अंतर

वळिवड्याचे वैशिष्ट्य असे की, तेथील लोकांना नुसते पोसले गेले नाही. बराकींच्या रांगांमध्ये ख्रिस्तमंदिर होते, प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, रुग्णालय होते, नाटके होत असत आणि बालवीरांची पथके होती. मुलांनी पोलिश भाषेत शिकावे, पोलिश सण पाळावेत, आपल्या पद्धतीने नाताळ साजरा करावा, ह्याला कोणाची आडकाठी नव्हती. मालडब्यात ज्याचे नाव पुसून टाकले होते, त्याला येथे आपले नाव परत मिळाले. छावणीचे गाव झाले ते ह्यामुळे.

हे काम कोणी केले? आपली स्मृती राजांची नावे राखते, आणि ती राखली जावीत हे योग्यच आहे. पण राजाश्रयाच्या सावलीत राबणारे हात वेगळे होते. मुंबईतील पोलिश वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की ह्यांच्या पत्नी किरा ह्यांनी रेड क्रॉसच्या वतीने मदतीची धुरा वाहिली. वांडा दिनोव्स्का ही पोलिश विदुषी, जिला भारतात उमादेवी म्हणत, ती आपल्या देशबांधवांना ह्या भूमीची व तिच्या ग्रंथांची ओळख करून देत होती. पुढे तिबेटी निर्वासित भारतात आले तेव्हा हीच बाई त्यांच्या सेवेस धर्मशाळेत गेली. बालवीरांना शिकविण्यासाठी झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हा तरुण सैनिक वळिवड्यास आला. कातिनच्या हत्याकांडातून वाचलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांपैकी तो एक होता. युद्धानंतर त्याने सेमिनरीत प्रवेश केला व १९५४ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. आणि ह्यांखेरीज ज्यांची नावे आपणांस ज्ञात नाहीत ते सर्व : स्वतः निर्वासित असूनही बराकीत फळा टांगून शिकविणाऱ्या शिक्षिका, आणि आसपासच्या खेड्यांतील ते मराठी लोक, ज्यांनी ही गोरी, भेदरलेली, भाषा न समजणारी माणसे आपल्या शिवारात सामावून घेतली.

येथे इतिहासकाराने प्रांजळ असले पाहिजे. वळिवडे हे निव्वळ दानधर्माचे फळ नव्हते. बालाचडीचा भार देणग्यांवर चालला, तर वळिवड्याचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे होत असे. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि तेथील माणसे पुन्हा एकदा कोणाचीच उरली नाहीत. त्यांचा प्रांत सोव्हिएत हद्दीत गेला होता, त्यामुळे परतावयास घरच नव्हते. अखेरीस आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साह्याने ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व अन्य देशांत विखुरली आणि १९४८ साली छावणी मिटली. ज्या १९४३ साली वळिवड्यास ही माणसे पोटभर जेवली, त्याच साली बंगालमध्ये लक्षावधी लोक भुकेने मेले, हेही विसरता कामा नये. एका ठिकाणची करुणा दुसऱ्या ठिकाणच्या निष्ठुरतेचे माप पदरात घेत नाही.

तथापि ह्या भूमीचा अतिथिधर्म येथे संपला नाही. त्या रिकाम्या बराकींमध्ये फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक व्यापाराचे केंद्र. पोलिश आईने ज्या उंबऱ्यावर दिवा ठेविला, त्याच उंबऱ्यावर सिंधी आईने आपले बोचके उतरविले.

१९४३ आणि २०२२

आता कथेचा सर्वांत कठीण भाग. १९४३ साली वळिवड्याची मुले शाळेत जात असताना त्यांच्या जन्मभूमीत, व्होलिनियात, युक्रेनी बंडखोर सैन्याने पोलिश खेड्यांवर हल्ले करून हजारोंच्या संख्येने माणसे मारली. पोलिश बाजूनेही सूड घेतले गेले, आणि १९४७ साली पोलंडच्या सरकारने सुमारे १,४०,००० युक्रेनी व लेम्को लोकांना त्यांच्या गावांतून बळाने हलविले. ही जखम पिढ्यान्‌पिढ्या भळभळत राहिली. २००५ साली दोन्ही राष्ट्रांच्या कॅथलिक महागुरूंनी एकमेकांकडे क्षमा मागितली व एकमेकांना क्षमा केली. पण महागुरूंचे पत्र म्हणजे घराघरांतील सलोखा नव्हे.

तो सलोखा कसोटीला लागला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि काही आठवड्यांत लक्षावधी स्त्रिया व मुले पोलंडच्या सीमेवर येऊन ठेपली. पुरुष पुन्हा एकदा मागे, रणांगणावर. ह्या वेळी मोठ्या छावण्यांवर भिस्त ठेवावी लागली नाही. सामान्य कुटुंबांनी आपल्या खोल्या उघडल्या, धर्मग्रामांनी आपली सभागृहे दिली, स्वयंसेवकांनी स्थानकांवर गरम रस्सा वाढला, कागदपत्रे भरून दिली, मुलांना शाळेत घातले. ज्यांच्या आजोबांना युक्रेनी हातांनी मारले होते अशांच्या घरीही युक्रेनी मुले झोपली. युक्रेनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणारी आपली मुलेही त्याच पोलंडमधून व शेजारच्या देशांतून मायदेशी परतली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र अर्पण केले. वळिवड्याचे ऋण तेथे विसरले गेले नाही, ह्याची ती खूण.

परंतु ऋण फिटले ते पुष्पचक्राने नव्हे. आपण एकेकाळी आश्रित होतो ही आठवण ज्याला आहे, तोच दाराशी आलेल्यास अतिथी म्हणू शकतो. इस्राएलाला नियमशास्त्राने हेच शिकविले : मिसरातील आपल्या परकेपणाची आठवण हा परक्यावरील प्रीतीचा पाया आहे. बारावे पायस ह्यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी धर्मसंविधान काढले तेव्हा त्यांनीही आरंभ केला तो मिसरात पळालेल्या पवित्र कुटुंबापासून. धारच्या किल्ल्यातील आईला व बाळाला आसरा मिळाला, पण मुलुखाच्या बदल्यात ती दिली गेली. मिसराने मरियेच्या बाळाला कोणाच्या स्वाधीन केले नाही.

धर्मशिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा शिकविताना युरोपपर्यंत जाण्याची गरज नाही. ज्या धार जिल्ह्यातून आपण निघालो, तेथेच नर्मदाकाठची निसरपूर व चिखल्दा ही गावे सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. २०१९ च्या सप्टेंबरात ते पाणी १३८.६८ मीटरपर्यंत चढले. त्या माणसांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही, म्हणून त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही. पण अंगण, देऊळ, शाळा व शेजार त्यांनीही गमावला आहे. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत अशी किती बोचकी उतरली आहेत, हे आपण मोजले आहे काय? ऊसतोडीच्या पालात, विटांच्या भट्टीवर, बांधकामाच्या आडोशाला कोणती भाषा बोलली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? धान्याची पिशवी देणे सोपे आहे. त्याचे नाव विचारणे, त्याच्या मुलाला त्याच्या भाषेत प्रार्थना म्हणू देणे, ह्याला वेळ लागतो. वळिवड्याने तो वेळ दिला होता.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. कोल्हापूरला गेलात तर तेथे क्षणभर थांबा, आणि नंतर गांधीनगरच्या बाजारातून चालत या. तेथे ओळखीची खूण फारशी उरलेली नाही. पण दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एखाद्या वृद्ध सिंधी आजीला विचारा, तुम्ही कोठून आलात? ती सांगू लागेल. आपले काम ऐकण्याचे आहे. आश्रित अतिथी होतो तो तेव्हापासून.