कोण निवडतो, आणि कोणातून?

१४ मे २०२५ रोजी चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. अमरावतीचे भूषण गवई त्या दिवशी देशाचे सरन्यायाधीश झाले होते. शेजारचे आण्णा महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. पेढा हातात धरूनच त्यांनी मला विचारले, "सर, नगरसेवक आपण निवडतो, आमदार आपण निवडतो. ह्या साहेबांना निवडलं कोणी?"

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आण्णांच्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना. या प्रश्नाला इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपण कुठे आहोत, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

घटना समितीत हा प्रश्न २४ मे १९४९ रोजी चर्चेला आला. सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक होऊ नये, असे काही सभासदांचे म्हणणे होते. नेमणुकीत संसदेचा हात असावा, असे इतर काहींना वाटत होते. बाबासाहेबांनी दोन्ही बाजू तपासल्या. इंग्लंडात नेमणूक सरकारच्या हाती असते आणि अमेरिकेत सिनेटची मान्यता लागते, हे त्यांनी सांगितले. पहिल्या पद्धतीत सत्ताधाऱ्यांची मर्जी चालते, दुसरीत राजकारणाचा दबाव येतो. म्हणून त्यांनी मधली वाट धरली. राष्ट्रपतींनी नेमणूक करावी, पण जाणत्या न्यायाधीशांशी सल्लामसलत करून. सरन्यायाधीशाला नकाराधिकार द्यायला मात्र त्यांचा विरोध होता. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी अखेर माणूसच आहे, सर्वसामान्य माणसाचे दोष, भावना आणि पूर्वग्रह त्याच्यातही असतात, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने आयुष्यभर सुशिक्षितांचे पूर्वग्रह सोसले, त्याला न्यायासनाचे देव्हारे माजवणे शक्यच नव्हते.

पुढे काय घडले ते थोडक्यात सांगतो. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. लगेच दुसऱ्या दिवशी सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश नेमले. आणीबाणीत नागरिकांच्या बाजूने एकट्याने भिन्न मत देणारे न्यायमूर्ती खन्ना १९७७ साली डावलले गेले. सरकारच्या हाती हा अधिकार किती घातक ठरतो, ते देशाने पाहिले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने 'सल्लामसलत' या शब्दाचा अर्थच बदलला आणि निर्णायक शब्द न्यायाधीशांकडे घेतला. १९९८ पासून सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती मिळून ही निवड करतात. तिला कॉलेजियम म्हणतात. संसदेने तिच्या जागी सहा जणांचा नियुक्ती आयोग आणला. त्यात दोन मान्यवर व्यक्ती असणार होत्या आणि त्यांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य किंवा स्त्रिया यांतून घ्यायची होती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हा आयोग रद्द केला. आयोगात कायदामंत्री बसणार होते, म्हणून न्यायालयाला वाटलेली भीती खोटी नव्हती. पण निवडणाऱ्यांच्या पंगतीत आपल्यापैकी एखाद्याला हक्काचे पान मांडण्याची तरतूदही त्याबरोबर गेली. तिच्यासाठी कोणी फारसे हळहळले नाही.

सरकार की न्यायाधीश, असा हा पन्नास वर्षांचा झगडा. दोन्ही पक्षांनी ग्रंथ भरतील इतके युक्तिवाद केले. निवडायचे कोणातून, हा प्रश्न मात्र दोघांनीही क्वचितच विचारला. आपला प्रश्न तोच आहे.

आता हिशेब मांडू. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज जानेवारी १९५० मध्ये सुरू झाले. तेथे पहिला दलित न्यायाधीश पोहोचला १० डिसेंबर १९८० रोजी. ते तामिळनाडूचे ए. वरदराजन. त्यांच्यामागून बी. सी. रे आणि के. रामस्वामी आले. रामस्वामी १९९७ साली निवृत्त झाल्यावर ती जागा रिकामी राहिली. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९८ साली नेमणुकांच्या फाइलवरच शेरा लिहिला, की दुर्बल घटकांतल्या पात्र व्यक्तींचा विचार व्हावा, अशा व्यक्ती उपलब्ध आहेत. २००० साली के. जी. बालकृष्णन आले, पुढे सरन्यायाधीश झाले आणि मे २०१० मध्ये निवृत्त झाले. नंतर नऊ वर्षे पुन्हा कोणी नाही. गवईंनी शपथ घेतली ती २४ मे २०१९ रोजी. बाबासाहेबांच्या त्या भाषणाला त्या दिवशी बरोबर सत्तर वर्षे झाली होती. जानेवारी २०२४ मध्ये निपाणीचे प्रसन्न वराळे आले. त्यांचे आजोबा बळवंतराव वराळे हे बाबासाहेबांचे सहकारी.

एवढी उशिराची वाट का? जे सोपे कारण दिले जाते ते गुणवत्तेचे. खरे कारण शिडीत आहे. सर्वोच्च न्यायालयात बहुतेक जण उच्च न्यायालयांतून जातात, आणि उच्च न्यायालयात नामांकित वकिलांतून. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. पन्नाशी उलटल्यावर तेथे पोहोचणाऱ्याची दिल्लीची पाळी येण्याआधीच घरी जायची पाळी येते. गवई उच्च न्यायालयात गेले तेव्हा त्रेचाळीसही पुरे नव्हते. तरी सरन्यायाधीशपद त्यांना सहा महिन्यांहून थोडे अधिक लाभले. लवकर पोहोचायचे तर वकिली लवकर जमली पाहिजे. त्यासाठी सीनिअरचे चेंबर हवे, आणि जुनिअर म्हणून घालवायच्या वर्षांत घरी भाकरीची सोय हवी. माझी एक विद्यार्थिनी सनद घेऊन दोन वर्षे कोर्टात उभी राहिली. महिन्याकाठी हाती पडे तेवढ्यात लोकलचा पास आणि चहा भागे. वडिलांचे काम सुटले तसा तिने काळा कोट घडी करून ठेवला. आता ती भाडेकरारांची टायपिंग करते. कॉलेजियमच्या टेबलावर तिचे नाव नाकारले जाणार नाही, कारण ते तिथवर जाणारच नाही.

पण आपला माणूस तेथे हवाच कशासाठी? १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मोलमजुरी करणाऱ्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याचा खटला झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्याने ओळखले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघांनाही सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणून. चार कायदेपंडितांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. १९७८ मध्ये त्या न्यायालयात एकही दलित न्यायाधीश नव्हता, एकही स्त्री नव्हती. रात्रीच्या पोलीस ठाण्यात गरिबाचा आवाज का फुटत नाही, हे आमच्या वस्तीतले पोर सांगेल. नागपूरच्या न्यायमूर्तींना ते उमगले हे खरे. पण हे शहाणपण एखाद्या न्यायमूर्तीच्या चांगुलपणावर सोडून कसे चालेल?

मात्र एक भ्रम टाकला पाहिजे. न्यायाधीश हा आपला वकील नव्हे. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात गवईंनी अनुसूचित जातींतही क्रीमी लेयर शोधावा असे मत दिले. ते आमच्यातल्या अनेकांना रुचले नाही. मलाही ते पटलेले नाही. म्हणून त्यांचे तेथे असणे चूक ठरत नाही. ब्राह्मण न्यायाधीशाला जसा स्वतःच्या बुद्धीने निकाल देण्याचा हक्क आहे, तसाच दलितालाही आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात एका वकिलाने गवईंच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. सर्वोच्च खुर्चीत बसलेल्या माणसाच्या वाट्याला हे येते, तर खालच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आपल्या मुलांच्या वाट्याला काय येत असेल?

म्हणून नुसत्या पेढ्यांवर आपण समाधान मानू नये. उच्च न्यायालयांत कोणत्या समाजाचे किती न्यायाधीश नेमले, कितींचा विचार होऊन नावे मागे पडली आणि का, हे दरवर्षी जाहीर व्हावे. गरिबांच्या घरातून आलेल्या नव्या वकिलाला पहिली पाच वर्षे जगण्यापुरते विद्यावेतन मिळावे. ही भीक नव्हे. न्यायाधीशांतही पूर्वग्रह असतात हे घटनाकाराने सांगून ठेवले आहे. मग निदान ते सगळे एकाच आळीतले तरी नसावेत.

आण्णांना मी हे सगळे एका संध्याकाळी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, त्या पोरीला परत कोर्टात उभी करायला महिन्याला किती लागतील, तेवढं सांगा. गल्लीत विचारून बघू."