ओईएम आणि किरकोळ वॉरंटी (संगणक साठवण)

ओईएम वॉरंटी आणि किरकोळ वॉरंटी हे हार्ड डिस्क, एसएसडी इत्यादी साठवण उपकरणांना मिळणाऱ्या हमीचे दोन प्रकार आहेत. एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन ड्राइव्हना निरनिराळी वॉरंटी असू शकते. बिघाड झाल्यास दाद कोणाकडे मागायची, हा या प्रकारांतील मुख्य भेद होय.

स्वरूप

ओईएम म्हणजे मूळ उपकरण निर्माता. सीगेट, वेस्टर्न डिजिटल यांसारखे उत्पादक संगणक कंपन्यांना घाऊक प्रमाणात ड्राइव्ह पुरवतात. संगणकासोबत आलेल्या अशा ड्राइव्हची जबाबदारी सहसा संगणक कंपनीवर असते व तिची मुदत बहुधा संगणकाच्या वॉरंटीसोबत संपते. ड्राइव्हचा उत्पादक असा दावा सामान्यतः स्वीकारत नाही. त्यामुळे हाच ड्राइव्ह सुटा विकला गेला, तर ग्राहकाला केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. कमी किमतीचे कारण पुष्कळदा हेच असते.

किरकोळ वॉरंटी उत्पादक थेट अंतिम ग्राहकाला देतो. तिची मुदत मालिकेनुसार बदलते : सीगेटच्या आयर्नवुल्फ मालिकेस ३ वर्षे, तर आयर्नवुल्फ प्रो मालिकेस ५ वर्षे. एसएसडीच्या बाबतीत वर्षांखेरीज लेखनमर्यादाही असते. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या १ टेराबाइट आवृत्तीची वॉरंटी ५ वर्षे किंवा ६०० टेराबाइट लेखन, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते.

ओळख

खोक्याविना, केवळ अँटिस्टॅटिक पिशवीत मिळणाऱ्या ड्राइव्हलाही दुकानदार सर्रास ‘ओईएम’ म्हणतात. हा वापर दिशाभूल करणारा आहे. अशा अनेक ड्राइव्हना उत्पादकाची पूर्ण वॉरंटी असते. वेष्टनापेक्षा अनुक्रमांक अधिक विश्वासार्ह ठरतो. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर नोंदवल्यास वॉरंटीची अंतिम तारीख किंवा ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा आशयाची सूचना दिसते. ही तपासणी परतीची मुदत संपण्यापूर्वी करणे इष्ट, कारण नंतर तिचा ग्राहकाला फारसा उपयोग नसतो. बिल जपणेही आवश्यक असते. खरेदीचा पुरावा नसल्यास मुदत उत्पादनाच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते.

मुदतीतील बदल

ऑक्टोबर २००२ पासून सीगेट, मॅक्सटर व वेस्टर्न डिजिटल यांनी डेस्कटॉप संगणकांच्या अनेक ड्राइव्हची वॉरंटी ३ वर्षांवरून १ वर्षावर आणली. सीगेटने २००४ मध्ये ती ५ वर्षांपर्यंत वाढवली. थायलंडमधील २०११ च्या पुराने हार्ड डिस्कचा पुरवठा कोलमडल्यानंतर त्या वर्षाच्या अखेरीस सीगेट व वेस्टर्न डिजिटल या दोन्ही कंपन्यांनी अनेक मालिकांची मुदत पुन्हा घटवली. यावरून वॉरंटीची मुदत ही टिकाऊपणाइतकीच व्यापारी धोरणाचीही निदर्शक असल्याचे दिसते.

मर्यादा

दोन्ही प्रकारांत वॉरंटी उपकरणापुरती असते. त्यातील माहितीची भरपाई सहसा मिळत नाही. बदली ड्राइव्ह नवा असेलच असे नाही. बऱ्याचदा दुरुस्त करून तपासलेला ड्राइव्ह दिला जातो. बदली मागताना जुना ड्राइव्ह उत्पादकाकडे पाठवावा लागतो आणि बंद पडलेल्या ड्राइव्हवरील माहिती पुसता येत नाही. म्हणून गोपनीय नोंदी असलेल्या काही संस्था वॉरंटीवर पाणी सोडून ड्राइव्ह स्वतःच नष्ट करतात. मोठ्या संगणक कंपन्यांच्या काही सेवा करारांत मात्र जादा शुल्क भरून बिघडलेला ड्राइव्ह स्वतःकडे ठेवण्याची मुभा असते.